मास्तर आणि मास्टर सिलिंडर



गेल्या महिन्यात पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, बाबांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणतोय. अकोल्यात एक चांगला मिस्त्री मिळालाय. पण तो म्हणतो, जुना मास्टर सिलिंडर ठेवूच नका, टँडम बसवा. तुम्ही काय म्हणता?"

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. गाडीतलं मला काय कळणार, असं कुणालाही वाटेल. पण घरात या गाडीबद्दल शेवटी मलाच विचारतात, कारण दादानंतर तिच्यात सर्वांत जास्त बसलेला मीच. मी म्हटलं, दोन दिवस दे, सांगतो. त्या दोन दिवसांचे पुढे पंधरा झाले. उत्तर सोपं होतं, पण ते देताना दुसरंही काही सांगावं लागणार होतं. ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास... मास्तरची खोड, जात नाही.

आमची फियाट १९६७ची. फियाट ११०० डी, १,०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला लागून असलेला हँडल गिअर. आपल्याकडे हिला 'डिलाइट' म्हणत. हिच्या आधीची गोल तोंडाची फियाट मुंबईत 'डुक्कर फियाट' म्हणून प्रसिद्ध होती. हे नाव ज्याने कुणी ठेवलं त्याला माझा नमस्कार, गाडी समोरून पाहिली की दुसरं नाव सुचतच नाही. दादा अकोल्याला वकिली करायचे. त्यांनी ही गाडी एका कापूस व्यापाऱ्याकडून जुनी घेतली, कारण नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आजच्या पोरांना हे पटत नाही. त्या काळी तीन-चार वर्षं चालवलेली गाडीसुद्धा चढ्या भावात विकली जायची, कारण ती समोर उभी असायची आणि नवी कागदावर.

ही गाडी बनायची कुर्ल्याला, प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये. कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी, १९४४ साली. सोलापूरचा हा माणूस मला नेहमीच विलक्षण वाटत आलाय. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात झाल्या पाहिजेत असा ध्यास इंग्रजी अमलात घ्यायचा, आणि तिन्हींचा पाया घालून दाखवायचा! १९१९ची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, १९४०चा बंगलोरचा विमान कारखाना, आणि मग मोटार. सुरुवातीला प्रीमियरचा करार अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी होता. पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जुळला आणि १९५४पासून ११००ची गाडी कुर्ल्यात बनू लागली. वालचंदशेठ १९५३ साली गेले, त्यांना ती पाहायला मिळाली नाही.

क्रायस्लरचं नाव मुद्दाम घेतलं. कारण ज्या भागाबद्दल पुतण्याने विचारलं, त्याचा इतिहास त्या कंपनीपाशीच येऊन पोचतो.

पूर्वीच्या मोटारींचे ब्रेक दांड्या आणि तारांवर चालायचे. पाय दाबला की दांडी ओढली जाई. चार चाकांच्या चार तारा सारख्या ताणलेल्या ठेवणं हे रोजचं काम, एक ढिली पडली की गाडी एका बाजूला ओढायची. माल्कम लॉकहीड नावाच्या अमेरिकन माणसाने यावर उपाय काढला आणि १९१७ साली त्याचं पेटंट घेतलं. आडनावाचं स्पेलिंग काही भलतंच होतं, लोक चुकीचं उच्चारत, म्हणून पुढे त्यांनी ते उच्चारासारखं करून घेतलं. विमानांची लॉकहीड कंपनी याच भावांच्या घरातली. उपाय असा, की तारेऐवजी नळीत तेल भरायचं. आपल्याला शाळेत पास्कलचा नियम होता, आठवतो का? बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो. मला तो आमच्या विज्ञानाच्या सरांनी दोन पिचकाऱ्या जोडून दाखवला होता. तेवढंच विज्ञान माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पायाखालची पिचकारी म्हणजे मास्टर सिलिंडर, आणि चाकातल्या छोट्या पिचकाऱ्या म्हणजे व्हील सिलिंडर. तार ढिली पडण्याचा प्रश्नच मिटला.

१९२१ साली ड्यूसेनबर्ग या महागड्या गाडीत चारही चाकांना असे ब्रेक आले, आणि १९२४ साली क्रायस्लरने ते साध्या ग्राहकाच्या आवाक्यातल्या गाडीत आणले. पण एक अडचण होती. लॉकहीडच्या सिलिंडरमध्ये पिस्टनपुढची वाटी कच्च्या चामड्याची होती, ती गळायची. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी ती रबराची केली. ही रबराची वाटी लक्षात ठेवा मंडळी, माझ्या गोष्टीत तीच मुख्य पात्र आहे.

सगळ्यांना हे पटलं नव्हतं. हेन्री फोर्ड १९३९पर्यंत आपल्या गाड्यांना दांड्या-तारांचेच ब्रेक लावत राहिले. लोक त्यांना हट्टी म्हणत, आणि होतेही. पण तेलाच्या ब्रेकवर शंका घ्यायला जागा होती हेही खरं. चार तारांपैकी एक तुटली तर बाकीच्या तीन शाबूत राहतात. तेलाच्या ब्रेकमध्ये मात्र चारही चाकं एकाच पिचकारीवर. एक नळी फुटली किंवा वाटी फाटली, की दाब शून्य आणि चारही चाकं मोकळी. पॅडल थेट जमिनीला. हँडब्रेकचा तेलाशी संबंध नसतो, तेवढा उरतो. पण भरल्या गाडीला घाटात हँडब्रेकने थांबवून पाहा!

यावर तोड निघाली ती टँडम सिलिंडरची. एकाच नळकांड्यात एकापुढे एक दोन पिस्टन, दोन वेगळ्या खोल्या. एका खोलीतून पुढच्या चाकांना तेल जातं, दुसरीतून मागच्या. एक बाजू गळाली तर त्या बाजूचा पिस्टन रिकामा पुढे जाऊन टेकतो, पॅडल नेहमीपेक्षा खोल जातं, पण दुसरी बाजू काम करते. गाडी लांबवर जाऊन थांबते, पण थांबते. कॅडिलॅकने १९६२ साली हे आपल्या गाड्यांत दिलं, आणि १९६८ साल उजाडलं तेव्हा अमेरिकेत नव्या मोटारींना कायद्यानेच ब्रेकचे दोन वेगळे भाग सक्तीचे झाले.

आणि आमची गाडी १९६७ची, एकाच पिचकारीची.

याचा दोष इटलीला देता येत नाही. फियाटने तिकडे १९६६ साली '११०० आर' काढली, तिला पुढे डिस्क ब्रेक होते. त्याच वर्षी आलेल्या १२४ या गाडीला चारही चाकांना डिस्क होत्या. तिकडे ११०० १९६९ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र तीच ११०० डी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४पासून पद्मिनी झाली आणि २०००च्या सुमारापर्यंत बनत राहिली. मूळ देशात चार वर्षं टिकलेलं मॉडेल आपण साडेतीन दशकं चालवलं. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली ती २०२३च्या ऑक्टोबरात. त्या दिवशी बातम्यांत लोक टॅक्सीला हार घालत होते, मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

पण इतिहास शिकवणाऱ्याने भरून आल्यावरही प्रश्न विचारायला हवा. असं का झालं? कुर्ल्याच्या इंजिनिअरांना टँडम माहीत नव्हता असं मी मानत नाही. १९५३ साली सरकारने ठरवलं, की जे इथे भाग बनवणार नाहीत, नुसती जोडणी करतील, त्यांनी जावं. जनरल मोटर्स १९२८पासून मुंबईत गाड्या जोडत होती, ती गेली. फोर्डही गेली. उरल्या दोन-तीन कंपन्या. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवणार, किमतीवरही सरकारची नजर. प्रीमियर किमतीच्या भांडणात सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. आणि दारात गिऱ्हाईकांची रांग. अशा वेळी नवा सिलिंडर, नव्या नळ्या यांवर खर्च कोण करणार? मागणारंही कुणी नव्हतं. दादांनी गाडी घेताना हॉर्न वाजवून पाहिला, सीटवर हात फिरवला, ॲव्हरेज विचारलं. ब्रेकच्या आत किती खोल्या आहेत हे त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. मारुती १९८३च्या डिसेंबरात आली तेव्हा कुठे लोकांना कळलं की गाडीत निवड नावाचा प्रकार असतो.

इथपर्यंत लिहिलं आणि चार दिवस थांबलो. आता पुढचं.

१९७८चा मे महिना. मी अठ्ठावीस वर्षांचा, सुट्टीत अमरावतीहून अकोल्याला दादांकडे गेलो होतो. चिखलदऱ्याला जायचं ठरलं होतं. "गाडीचं तू पाह्य," दादांनी सांगितलं. मला कोण अभिमान! हवा, पाणी, बॅटरी सगळं पाहिलं. ब्रेक ऑइलची बाटली अर्ध्यावर आली होती. भर दुपार, दुकानं बंद. गॅरेजच्या कोपऱ्यात इंजिन ऑइलचा डबा होता. मी विचार केला, तेल ते तेल... आणि बाटली गळ्यापर्यंत भरली. दादांना सांगितलं, ब्रेक ऑइल टाकलं. मला ते खोटं वाटलंच नाही.

आता जे सांगतो ते मला पुढे कळलं. ब्रेकची रबरी वाटी खनिज तेलात फुगते. म्हणून ब्रेकचं तेल खनिज नसतंच. सुरुवातीच्या काळात तर ते एरंडेल आणि अल्कोहोल मिसळून करत. म्हणजे त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून आजीची एरंडेलाची बाटली आणून ओतली असती तर एकवेळ चाललं असतं! मास्टर सिलिंडरमध्ये बाटलीकडे जाणारं सुईएवढं एक भोक असतं. पाय काढला की पिस्टन मागे येतो, भोक उघडतं, तापून फुगलेलं तेल तिथून बाटलीत परततं. वाटी फुगली की भोक बुजतं. दाब नळीतच अडकतो, ब्रेक सुटत नाहीत, घासत राहतात. घासले की तापतात, तापले की तेल आणखी फुगतं, ब्रेक आणखी आवळतात.

पंधरा दिवस गाडी गावातल्या गावात फिरली. दादा एकदा म्हणाले, "गाडी जड चालते रे." उन्हाळा आहे, म्हटलं.

अकोट, अंजनगाव करत परतवाड्याला पोचलो, आणि तिथून घाट चढलो. वर काही विशेष झालं नाही. जळका वास येत होता, तो आम्ही इंजिनाचा समजलो. दोन दिवस मजेत गेले. भीमकुंड पाहिलं, गाविलगड पाहिला. मी पोरांना १८०३ची वेलस्लीची लढाई तटावर उभं राहून शिकवली, पोरं कंटाळली. परत उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर दादांचा पाय खाली गेला आणि खालीच राहिला. त्यांनी दोन-तीनदा पंप केलं. काही नाही. हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला, इंजिन किंचाळलं. डाव्या हाताला दरी. उजवीकडे मातीचा उभा कडा. दादांनी गाडी शांतपणे उजवीकडे नेऊन कड्याला घासवली. पन्नासेक फूट घासत जाऊन ती थांबली. समोरून एसटी आली असती तर हे लिहायला मी नसतो.

पोरांना खरचटलं. वहिनींचं डावं मनगट मोडलं.

परतवाड्याच्या मिस्त्रीने सिलिंडर उघडला, वाटी बोटावर घेतली. "हे पाहा वकीलसाहेब, रबर फुगून भजं झालं. याच्यात डिझेल टाकलं का इंजिन ऑइल? कोनं टाकलं?" मी तिथेच उभा होतो. दादांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मिस्त्रीला म्हणाले, "जुनी गाडी आहे, झालं असंल काही. सगळे रबर बदलून टाक, नळ्या धुऊन काढ." घरी आल्यावर ज्याने त्याने विचारलं त्याला त्यांनी एकच सांगितलं, "मास्टर सिलिंडर गेला. एकच असतो, गेला की गेला." हळूहळू ही घरातली अधिकृत आवृत्ती झाली. मीही तीच सांगू लागलो. २०१९ साली दादा गेले, तोवर आम्ही दोघे यावर एक शब्द बोललो नव्हतो. वहिनींचा हात जरा वाकडा जुळला. ज्वारीची भाकरी थापताना त्या डावा हात वेगळ्याच तऱ्हेने फिरवतात. सुनांना वाटतं ती वहिनींची लकब.

आता पुतण्याचा प्रश्न. त्याचं म्हणणं असं, की एका सिलिंडरच्या या रचनेमुळे आईचा हात मोडला, तेव्हा तो बदललाच पाहिजे. बदललाच पाहिजे हे बरोबर. कारण मात्र चुकीचं. मी अकोल्याला जाऊन मिस्त्रीकडे बसलो तेव्हा त्याने मारुतीचा एक टँडम सिलिंडर खोलून दाखवला. बाटली वर एकच, आत मध्ये भिंत. मी विचारलं, "समजा, कुणी याच्यात इंजिन ऑइल ओतलं तर?" तो हसला. "मंग कायचा टँडम गुर्जी! झाकन तं एकच हाये नं. दोन्ही खोल्यांत तेच जाईन, दोन्हीकडचे रबर फुगतीन. हे नळी फुटली तं वाचवते, मानूस चुकला तं नाही वाचवत."

हे मी वहीत लिहून घेतलं.

त्याच्याकडून आणखीही शिकलो. पुष्कळ लोक 'मोठा सिलिंडर म्हणजे चांगला ब्रेक' समजून जाड सिलिंडर बसवतात आणि मग तक्रार करतात की पाय दुखतो. हिशोब साधा आहे. समजा जुना सहा सुती म्हणजे पाऊण इंची आहे आणि नवा सात सुती. क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे छत्तीसास एकोणपन्नास. तेवढाच दाब आणायला पायाला सव्वापटीहून जास्त जोर लावावा लागतो. पॅडल कमी खाली जातं, म्हणून ब्रेक 'टाइट' वाटतो, पण गाडी त्याने लवकर थांबत नाही. फार बारीक घेतला तर उलट, पाय हलका पण पॅडल खोल. शिवाय पॅडलच्या दांडीत आणि पिस्टनमध्ये साधारण मिलिमीटरभर मोकळीक हवीच. ती नसली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ते सुईचं भोक बंदच राहतं आणि ब्रेक घासतात. म्हणजे इंजिन ऑइल न टाकताही माझाच प्रकार! नव्या सिलिंडरला पुढची नळी वेगळी, मागची वेगळी, जुना सांधा काढून टाकायचा. गाडी थांबताना वजन पुढे येतं, म्हणून पुढच्या चाकांची बाजू महत्त्वाची. नळ्याही सगळ्या नव्या टाकायला सांगितल्या. पन्नास वर्षांच्या नळीला नवा सिलिंडर लावण्यात अर्थ नाही.

आणि तेल. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ तेल २०५ अंशांच्या वर उकळतं, पाणी शोषलेलं १४० लाच उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलायचं, घाटात जाणाऱ्याने तर नक्कीच. आमच्यात हे कुणालाच माहीत नव्हतं.

मागच्या रविवारी रात्री पुतण्याला फोन करून सगळं सांगितलं. तेलाचा डबा, मिस्त्रीचा प्रश्न, दादांची ती नजर. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मग टँडम बसवायचा ना?"

"बसव," म्हटलं.

"आईला तुम्ही सांगणार की मी?"

मी सांगितलं. बुधवारी अकोल्याला गेलो, वहिनींसमोर बसलो. त्यांचं वय आता ब्याऐंशी. ऐकून घेतलं सगळं. "तुमचे दादा मले कधी बोल्ले नाई भाऊजी," एवढंच म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. चहा झाल्यावर आजच्या भाजीचे भाव निघाले. त्या रागावल्या की नाही, मला अजून कळलेलं नाही.

तिथून गॅरेजमध्ये गेलो. सिलिंडर बसला होता, ब्रेकमधली हवा काढायची होती, आणि त्याला दुसरा माणूस लागतो. मिस्त्रीचा पोऱ्या सुट्टीवर. मी दादांच्या सीटवर बसलो. मिस्त्री मागच्या चाकाशी आडवा झाला, निपलला नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं.

"गुर्जी, दाबा... आनखी दाबा... आता धरून ठिवा, सोडू नोका."

मी धरून ठेवलं. पाय थरथरत होता. नळीतून बुडबुडे आले, मग कमी झाले.

"सोडा. पुन्हा दाबा."

चार चाकांना पाऊण तास लागला. मग मिस्त्री उठला, नवा सीलबंद डबा आणला, माझ्या हातात दिला आणि बाटलीचं झाकण उघडून बाजूला उभा राहिला. मी चष्मा काढून डब्यावरची अक्षरं दोनदा वाचली.